पायथन नवीन घ्या, पण सिस्टिमच्या पायथनला हात लावू नका

प्रति,
मा. संपादक,

विषय: कॉलेज, दुकानं आणि पतसंस्थांमधल्या लिनक्स मशिनवर पायथनचं व्हर्जन बदलण्याबाबत

महोदय, स. न. वि. वि.

बारावीनंतर काय, कुठला कोर्स, कुठली कम्प्युटरची भाषा यावर पेपरात दर उन्हाळ्यात भरपूर छापून येतं, ते वाचून आमच्या विश्रामबागेतले पालक पोरांना पायथनच्या क्लासला घालतात, चांगलंच आहे ते. पण पोरगं शिकतं ते पायथन कुठलं, ३.६ का ३.१२, ते ज्या मशिनवर चालतं तिची काय अवस्था आहे, आणि व्हर्जन बदलायची वेळ आली की कसं बदलायचं, यावर कुणी एक ओळ लिहीत नाही. मी सांगलीत हेच काम करते. मार्केट यार्डातल्या काही अडत दुकानांचे आणि एका पतसंस्थेचे छोटे छोटे प्रोग्रॅम सांभाळते, कॉलेजच्या पोरापोरींना प्रोजेक्टला मदत करते, बहुतेक ठिकाणी विंडोजऐवजी लिनक्स आहे, त्यातलंही उबंटू नावाचंच, आणि सगळीकडे तोच एक घोटाळा होताना दिसतो म्हणून हे पत्र. लांबलं तर खुशाल कापा, फक्त सिस्टिमच्या पायथनचा, म्हणजे उबंटूबरोबर येणाऱ्या आणि उबंटू स्वतः वापरतं त्या पायथनचा, भाग तेवढा ठेवा.

इथल्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये प्रॅक्टिकल तोंडावर असताना काय झालं ते सांगते. मशिनवर उबंटू २०.०४, त्याच्याबरोबर येणारं पायथन ३.८. पोरांना मॅच-केस (अनेक पर्यायांतून एक निवडायची रचना) लिहायचं होतं, ते आलं ३.१० पासून, त्यामुळं ३.८ वर सिंटॅक्स एरर, म्हणजे ही ओळच कळत नाही असं म्हणून प्रोग्रॅम अडतो. मग कुणीतरी ३.११ टाकलं, इथपर्यंत सगळं बरोबर होतं, पण पुढं जाऊन पायथन३ ही कमांडच ३.८ वरून काढून ३.११ कडे वळवली. त्या दिवशी काही झालं नाही, आधीची विंडो उघडीच होती, व्हर्जन विचारलं तर ३.११ दाखवलं, सगळे खूश. दुसऱ्या दिवशी मशिन चालू केल्या तर टर्मिनल, म्हणजे कमांड टाईप करायची विंडो, तीच उघडेना, आयकॉनवर क्लिक केलं की जरा गोल फिरतं आणि गायब. लॅबवाल्यांना वाटलं व्हायरस आला, नाहीतर हार्ड डिस्क गेली, आणि त्यांनी मशिन एकेक करून फॉरमॅट करायला घेतल्या, पोरांची वर्षभराची कामं त्यात गेली. मला फोन आला तेव्हा निम्मी लॅब फॉरमॅट होऊन बसली होती.

खरं कारण एवढंच की उबंटूमध्ये टर्मिनल सुरू करणारी फाईल स्वतःच पायथनमध्ये लिहिलेली आहे. ती सिस्टिमच्या पायथन३ ला बोलावते, आणि तिला लागणारी जीआय नावाची लायब्ररी (तयार कोडचा संच) उबंटूवाल्यांनी ३.८ साठीच कंपाईल करून दिलेली असते. पायथन३ म्हणून समोर येतं ३.११, त्याला ती लायब्ररी चालत नाही, एरर येते, आणि एरर दाखवायला टर्मिनलच नाही. एपीटी, म्हणजे उबंटूवर सॉफ्टवेअर टाकणारी-काढणारी कमांड, तिनं अपडेट केलं तर तिथं पण शेवटी एपीटी अंडरस्कोर पीकेजी नावाचं मॉड्यूल सापडत नाही म्हणून ओरड. सॉफ्टवेअर अपडेटर, आपोआप सिक्युरिटी अपडेट घेणारा प्रोग्रॅम, ड्रायव्हर शोधणारं टूल, यातलं बरंच काही पायथनवरच चालतं हे लॅब असिस्टंटला कुणी शिकवलेलं नसतं, त्याला दोष कसा द्यायचा. दुरुस्ती पाच मिनिटांची होती. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबलं की काळी स्क्रीन येते, तिथं लॉगिन करून यूएसआर बिन या फोल्डरमधली पायथन३ ही लिंक परत ३.८ कडे वळवायची, मशिन रीस्टार्ट करायची, संपलं. कुणाची एक फाईल गेली नसती.

याहून वाईट म्हणजे जुनं आधी काढू मग नवीन टाकू म्हणून एपीटीने पायथन३ रिमूव्ह करणारे लोक. त्या पायथनवर डेस्कटॉपसकट ढीगभर पॅकेज उभी आहेत, ती सगळी त्याच्याबरोबर निघून जातात, रिमूव्ह करायच्या आधी मशिन यादी दाखवते पण यादी वाचतंय कोण, वाय दाबून मोकळे. कृपा करून ती यादी वाचा.

हे फक्त उबंटूचं नाही आणि आजचं पण नाही. सेंटओएस या दुसऱ्या लिनक्सच्या ६ आणि ७ वर पायथन ही कमांड तीनकडे वळवली की यम, म्हणजे तिथलं एपीटीसारखं टूल, बंद पडायचं, कारण यम पायथन २ मध्ये लिहिलेलं होतं. म्हणून ज्यांच्या लिनक्सवरून सेंटओएस बनायचं त्या रेड हॅटने आठमध्ये सिस्टिमला लागणारं पायथन बाजूला, वेगळ्या जागी ठेवलं, त्याला ते प्लॅटफॉर्म पायथन म्हणतात. डेबियन १२ आणि उबंटू २३.०४ पासून तर पायथनची पॅकेज टाकणारं पिप हे टूलच नकार देतं, सिस्टिमच्या पायथनमध्ये पॅकेज टाकायला गेलं की हे एन्व्हायर्नमेंट बाहेरून मॅनेज होतंय, व्हेन्व (त्या कामापुरतं वेगळं पायथन, पुढं सांगते) बनवा, असं सरळ लिहून येतं. आणि आपली पोरं काय करतात, इंटरनेटवर शोधून ब्रेक सिस्टिम पॅकेजेस हा ऑप्शन लावतात आणि पुढं जातात. मला याचं मनापासून वाईट वाटतं. ज्यांनी ती अडवणूक घातली त्यांनी अशाच मोडलेल्या मशिन बघून घातली आहे, ती पोरांच्या भल्याची आहे.

मग नवीन व्हर्जन घ्यायचं कसं, तर जुन्याच्या जागी न टाकता शेजारी टाकायचं. उबंटूसाठी डेडस्नेक्स नावाचा पीपीए, म्हणजे बाहेरच्या लोकांनी चालवलेला सॉफ्टवेअरचा साठा आहे, त्यात नवीजुनी व्हर्जन मिळतात, ती पायथन३.१२ अशा स्वतःच्या नावाने बसतात आणि पायथन३ या कमांडला हात लावत नाहीत. ते उबंटूचं अधिकृत नाही, सिक्युरिटी अपडेट वेळेवर येतीलच अशी हमी नाही असं ते स्वतःच लिहितात, म्हणून लॅबला चालेल, पतसंस्थेच्या सर्व्हरला मी ते वापरत नाही, तिथं उबंटूच नवीन घेते. सोर्सवरून, म्हणजे पायथनचा मूळ कोड घेऊन, बनवायचं असेल तर शेवटी मेक इन्स्टॉल न करता मेक ऑल्टइन्स्टॉल करायचं, ऑल्टवालं पायथन३ हे नाव घेत नाही, आणि त्याच्या आधी ओपनएसएसएल, झेडलिब, एसक्यूलाईट, लिबएफएफआय यांची डेव्हलपमेंट पॅकेज टाकून घ्यायची, नाहीतर पायथन बनतं पण एसएसएल (इंटरनेटची सुरक्षित जोडणी) नसलेलं बनतं आणि मग पिपला काहीच डाऊनलोड करता येत नाही, मग लोक म्हणतात कॉलेजचं नेट खराब आहे. पायएन्व आणि अलीकडं आलेलं यूव्ही ही पायथनची व्हर्जन टाकून देणारी टूल तर यूजरच्या होम फोल्डरमध्येच सगळं ठेवतात, यूव्हीला ॲडमिनचा पासवर्ड पण लागत नाही, त्यामुळं कॉलेजच्या पोरांना मी तेच सांगते.

आणि प्रत्येक कामाला वेगळं व्हेन्व. ही सोय ३.३ पासून, म्हणजे २०१२ पासून पायथनमध्येच आहे, उबंटूवर फक्त पायथन३ व्हेन्व नावाचं पॅकेज वेगळं टाकावं लागतं. व्हेन्व म्हणजे एक फोल्डर, त्यात त्या कामाचं पायथन आणि त्या कामाच्या लायब्ररी, बिघडलं तर फोल्डर डिलीट करा आणि परत बनवा, मशिनला काही होत नाही. क्रॉनला, म्हणजे ठरल्या वेळी प्रोग्रॅम आपोआप चालवणाऱ्या सोयीला, लावताना नुसतं पायथन३ लिहू नका, त्या फोल्डरच्या बिनमधल्या पायथनचा पूर्ण पाथ लिहा, मग व्हेन्व आधी ॲक्टिव्हेट करायची पण गरज पडत नाही. एक लक्षात ठेवायचं, व्हेन्व ज्या व्हर्जनवर बनवलं त्या व्हर्जनचं असतं. उबंटू २०.०४ वरून २२.०४ ला गेलं की ३.८ जातं, ३.१० येतं, आणि ३.८ वर बनवलेली सगळी व्हेन्व एकदम बंद. घाबरायचं नाही, अपग्रेडच्या आधी पिप फ्रीझ करून रिक्वायरमेंट्सची, म्हणजे टाकलेल्या लायब्ररींच्या यादीची, फाईल काढून ठेवा, नंतर नवीन व्हेन्व बनवून त्यातून सगळं परत टाका.

आता दुकानदारांचं म्हणणं. "ताई, चालतंय की, मग कशाला हात लावायचा?" त्यांचं मला पटतं पण, सौद्याच्या दिवशी पट्टी (शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाचा कागद) निघाली नाही तर शेतकरी दारात उभा राहतो, पोती लावलेली असतात, हमाल थांबलेले असतात, तिथं माझं नवीन व्हर्जन कुणाला हवंय. पण चालतंय ते किती दिवस आणि कसं चालतंय हे बघायला नको का. पायथन ३.० आलं डिसेंबर २००८ मध्ये. पायथन २ आधी २०१५ मध्ये बंद करायचं ठरलं होतं, लोकांना वेळ मिळावा म्हणून मुदत वाढवली आणि १ जानेवारी २०२० ला ते बंद झालं. जवळजवळ एक तप दिलं त्यांनी जगाला. तरी यार्डातल्या एका दुकानात पट्टीचा प्रोग्रॅम परवापरवापर्यंत २.७ वर चालू होता.

आणि त्या २.७ चा त्रास कुणाला होता तर शेतकऱ्याला. पट्टीवर नावाला ठराविक जागा असते, नाव लांब असलं की प्रोग्रॅम ते कापायचा. पायथन २ च्या साध्या स्ट्रिंगमध्ये सांगली हा शब्द यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत १८ बाइट मोजला जातो, कारण देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात, आणि कापणं पण बाइटमध्येच होतं, म्हणजे अक्षर मधोमध फुटतं आणि कागदावर नावाच्या शेवटी चौकोन नाहीतर प्रश्नचिन्ह. वर्षानुवर्षं लोक तशा पट्ट्या घेऊन घरी गेले आणि कुणी काही बोललं नाही. पायथन ३ मध्ये तोच शब्द सहा मोजला जातो. आपण बोलताना तीनच अक्षरं म्हणतो, ते काना, अनुस्वार, वेलांटी वेगळी धरतं म्हणून सहा, म्हणजे कापताना शेवटची वेलांटी सुटू शकते, तेवढं बघून घ्यावं लागतं, पण अक्षर फुटत नाही. ज्यानं नऊ महिने हळद सांभाळली त्याचं नाव त्याच्या पट्टीवर नीट छापून यायलाच पाहिजे, मला तरी व्हर्जन बदलायला हे एक कारण पुरेसं आहे.

दोनवरून तीनवर जाताना मात्र पैशाच्या ओळी डोळ्यात तेल घालून बघा. प्रिंटला कंस लागतो हे सगळ्यांना माहिती असतं, ते चुकलं तर प्रोग्रॅम लगेच थांबतो, त्याची भीती नाही. भीती न थांबणाऱ्या गोष्टींची. पायथन २ मध्ये पाच भागिले दोन केलं की दोन यायचे, तीनमध्ये अडीच येतात. राऊंड तर त्याहून वाईट, अडीचला राऊंड केलं तर पायथन २ तीन द्यायचं आणि पायथन ३ दोन देतं, कारण बरोबर अर्धा आला की ते जवळच्या सम आकड्याकडे जातं. साडेतीनचे दोघंही चारच करतात, त्यामुळं एखाद्या पट्टीवर तपासून सगळं ठीक आहे म्हणायला जाऊ नका. तोलाई, हमाली, वजावट यात ५० पैसे आले की कुठं रुपया कमी कुठं बरोबर, आणि दुकानदाराला वाटतं मुनीम गडबड करतोय. रकमेसाठी डेसिमल मॉड्यूल वापरा, त्यात अर्धा वरच न्यायचा असं स्पष्ट लिहिता येतं. टू-टू-थ्री नावाचं जुनं कोड बदलून देणारं टूल होतं, ते शब्दरचना बदलायचं, हा हिशोबातला फरक त्याच्या हाती लागायचा नाही, आणि आता ३.१३ पासून ते टूलही काढून टाकलंय.

त्यासाठी माझी पद्धत साधी आहे. गेल्या सीझनचा डेटा घ्यायचा, जुन्या पायथनवर सगळ्या पट्ट्या एका फोल्डरमध्ये काढायच्या, नवीनवर दुसऱ्या फोल्डरमध्ये, आणि डिफ, म्हणजे दोन फायलींमधला फरक दाखवणारी कमांड, लावायचा. लिनक्सवर डिफ पहिल्यापासून आहे, फुकट आहे. जिथं जिथं फरक दाखवेल त्या प्रत्येक ओळीचं उत्तर मिळाल्याशिवाय नवीन प्रोग्रॅम काउंटरवर जाऊ द्यायचा नाही, मग कितीही दिवस लागू देत.

तीनमधल्या तीनमध्ये जाताना, म्हणजे ३.८ वरून ३.१२ वगैरे, एवढा धक्का बसत नाही, पण काही गोष्टी निघून जातात. कलेक्शन्स या मॉड्यूलमधून मॅपिंग सरळ घेणारं कोड ३.१० पासून चालत नाही, ते कलेक्शन्स डॉट एबीसीमधून घ्यायचं. पॅकेज बनवायचं आणि टाकायचं डिस्टयुटिल्स हे मॉड्यूल ३.१२ मध्ये गेलं, त्यामुळं जुनी पॅकेज टाकताना एरर येतात, वेबसाठीच्या सीजीआयसकट १९ जुनी मॉड्यूल ३.१३ मध्ये गेली. पण यातलं काही न सांगता गेलेलं नाही. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ ला धोका, हे आपल्या सांगलीत पोराटोराला माहिती आहे, मधल्या पाच फुटांत लोक सामान वर चढवतात. पायथनमध्ये पण तसंच असतं, डिस्टयुटिल्स जाणार हा इशारा ऑक्टोबर २०२१ च्या ३.१० मध्ये दिला आणि काढलं ऑक्टोबर २०२३ च्या ३.१२ मध्ये, सीजीआयचा इशारा २०२२ मध्ये आणि काढलं २०२४ मध्ये. फक्त हा इशारा पुष्कळदा स्क्रीनवर दिसतच नाही, तो मुद्दाम बघावा लागतो. प्रोग्रॅम चालवताना पायथनच्या पुढं मायनस डब्ल्यू डिफॉल्ट लावा, मग काय काय जाणार आहे ते सगळं दिसतं, महिन्यातून एकदा तरी हे करा.

तारखांचं पण गणित अवघड नाही. ३.९ पासून दर ऑक्टोबरमध्ये नवीन पायथन येतं आणि प्रत्येकाला साधारण पाच वर्षं सांभाळतात. ३.८ ची मुदत ऑक्टोबर २०२४ मध्ये संपली, ३.९ ची ऑक्टोबर २०२५ मध्ये, त्याच महिन्यात ३.१४ आलं, आणि ३.१० ची ऑक्टोबर २०२६ मध्ये आहे. उबंटू स्वतःच्या एलटीएसमधल्या, म्हणजे जास्त वर्षं सांभाळल्या जाणाऱ्या व्हर्जनमधल्या, पायथनला वेगळे सिक्युरिटी पॅच देतं, म्हणून २२.०४ वर ३.१० आहे त्यांनी लगेच धावाधाव करायचं कारण नाही, पण २०.०४ चा साधा सपोर्ट मे २०२५ मध्ये संपलाय आणि लॅबच्या लॅब अजून त्यावर आहेत, त्यांनी मात्र आता थांबू नये. २४.०४ घेतलं की ३.१२ बरोबरच येतं, वेगळं काही टाकायलाच लागत नाही. मशिन जुनी आहेत, झेपत नाही म्हणणाऱ्यांनी लुबंटू नाहीतर झुबंटू २४.०४ हे उबंटूचं हलकं रूप टाकावं, पायथन तेच मिळतं, त्यांचा सपोर्ट तीन वर्षांचाच असतो एवढं धरून चालायचं. आणि अगदी नवीन आलेलं व्हर्जन पहिल्या महिन्यात कामाला घेऊ नये, आकडेमोडीच्या नमपायसारख्या लायब्ररींना तयार व्हायला वेळ लागतो, मी वर्षभर जुनं झालेलं घेते. ३.११ हे ३.१० पेक्षा सरासरी २५ टक्के वेगवान आहे असं बनवणारेच सांगतात, माझ्या पट्ट्यांच्या कामात वेगाचा एवढा संबंध येत नाही पण प्रोजेक्टवाल्या पोरांना तो जाणवतो.

कॉलेजांकडं एक मागणं आहे. जर्नलवर आणि प्रॅक्टिकलच्या प्रश्नपत्रिकेवर पायथनचं व्हर्जन छापा. एक ओळ लागते. पोरगं घरी लॅपटॉपवर ३.१३ वर शिकतं, लॅबमध्ये ३.८ समोर येतं, त्यानं बरोबर लिहिलेलं चालत नाही आणि मार्क जातात, त्यात त्याचा काय दोष. व्हेन्व हा विषय पहिल्याच आठवड्यात शिकवा, लूपच्या आधी शिकवलं तरी चालेल. इंग्रजीचं दडपण असलेल्यांसाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्सचे धडे मराठीतही आहेत, फुकट आहेत, लॅब असिस्टंट लोकांना ते बघायला कामाच्या वेळात वेळ द्या, घरी जाऊन बघा म्हणू नका. मशिन त्यांनीच सांभाळायच्या आणि शिकवायचं मात्र कुणी नाही हे बरोबर नाही.

दिवाळीच्या सुट्टीत लॅब रिकाम्या असतात, यार्डात नवी हळद यायला अजून वेळ असतो, नवीन पायथन पण त्याच सुमारास येतं, म्हणजे आधीचं वर्षभर जुनं झालेलं असतं. त्या दिवसांत एक मशिन बाजूला घ्या, डेटाचा बॅकअप आधी दुसऱ्या डिस्कवर काढा, त्या एका मशिनवर सगळं करून बघा, आणि ते आठवडाभर नीट चाललं की मगच बाकीच्या मशिन घ्या.

आपली,
एक वाचक
विश्रामबाग, सांगली